हिडन नाही हो, परमिशन नाहीये!

परवा ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी एक यादी फॉरवर्ड केली. 'मुंबईतली लपलेली ठिकाणं, वीकेंडला सायकल भाड्याने घ्या आणि शोधा' वगैरे वगैरे. पहिल्या नंबरावर काय, तर बाणगंगा. आता बाणगंगा लपलेली? त्या तळ्याचा जीर्णोद्धार १७१५ मध्ये झालाय. तीनशे वर्षं लोक तिथे राहतायत, आंघोळी करतायत, पितृपक्षात श्राद्धं घालतायत. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते त्या दिवसांत. आणि आम्ही पवईच्या क्युबिकलमधून उठून तिथे जाणार, आणि 'डिस्कव्हर' करणार!

आधी हसू आलं. मग जरा वेळाने राग आला. राग अशासाठी की दोन वर्षांपूर्वी अगदी अशीच एक यादी मी स्वतः केली होती आणि मोठ्या उत्साहाने वीस-पंचवीस जणांना पाठवली होती. 'शांत, अनटच्ड' असे शब्द होते त्यात. त्यातलं एक ठिकाण म्हणजे माझगावची माथारपाखाडी. पुढे महिन्याभराने मी परत गेलो तेव्हा सकाळी साडेसहाला सात-आठ जण एका घराच्या लाकडी जिन्यावर बसून फोटो काढत होते, सायकलला छोटा स्पीकर लावलेला. वरून एका आजींनी खिडकी उघडून खाली बघितलं आणि काही न बोलता परत लावून घेतली. त्या सात-आठ जणांमधल्या एकाने मला हात केला. माझ्याच यादीवरून आला होता तो! मी मागच्या मागे सटकलो.

तर आज जे लिहितोय ते आधी माझ्याविरुद्ध आहे, मग तुमच्याविरुद्ध.

मुद्दा असा आहे. आपण ज्याला 'लपलेलं' म्हणतो, तिथे पाववाला रोज पहाटे सायकलवरून जातो. दूधवाला जातो, इडलीवाला जातो. रात्रपाळी संपवून वॉचमन तिथेच घरी जातो. मुंबईत सायकल चालवणारे लोक मुळात हे आहेत. त्यांना काहीही हिडन नाही. हिडन आहे ते आपल्याला, कारण आपण कॅबमधून जातो, आणि कॅब फ्लायओव्हरवरून जाते. आपल्याच भाषेत सांगायचं तर ती फाइल हिडन नाहीये. फोल्डर उघडलं की समोर दिसते. पण काही ठिकाणी मात्र खरोखरच 'परमिशन डिनाइड' येतं, आणि ते कोणी लावलंय, कधी लावलंय, हे शोधण्याऐवजी आपण उरलेल्या फाइलींची गोंडस यादी करत बसतो. माझं भांडण यादीशी आहे ते एवढ्यासाठी.

भाड्याची सायकल का, हे आधी सांगतो. मी मिरजेचा. लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला सायकलचं दुकान होतं, तासाला तीन रुपये. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचा, बस्स. सीट खाली केलेली, घंटी नसलेली, एक पेडल अर्धं झिजलेलं. त्या सायकलवरून आम्ही अख्खं गाव पाहिलं. मुंबईत आल्यावर कुलाब्याच्या एका आतल्या गल्लीत तसंच दुकान सापडलं, तेव्हा मला गहिवरून वगैरे आलं होतं! इथे वहीत नाव नाही, ओळखपत्र ठेवून घेतात, आणि दर अर्थातच तीन रुपये नाही. पण सायकल तीच. जड, गिअर नसलेली, ब्रेक मारला की किंचाळणारी.

आमच्या टीममध्ये ऐंशी हजाराच्या सायकली असलेले दोघं आहेत. रविवारी पहाटे उठून मरीन ड्राइव्हवरून बांद्र्याला जातात, ॲव्हरेज स्पीड सोमवारी जेवताना सांगतात. चांगली गोष्ट आहे, तब्येतीला उत्तम. पण ऐंशी हजाराची सायकल ससून डॉकच्या गेटबाहेर टेकवून तुम्ही आत जाऊन दाखवा. भाड्याच्या सायकलचा मोठा गुण म्हणजे तिची काळजी वाटत नाही. कुठेही टेकवा, कुलूप लावा, जा. आणि तिच्यावर वेग घेताच येत नाही, त्यामुळे रस्त्यातला माणूस तुमच्याशी बोलू शकतो.

बोलतोही. ससून डॉक १८७५ चा आहे, पश्चिम भारतातली ही पहिली वेट डॉक. पहाटे पाचला तिथे जी धांदल असते ती सांगून कळणार नाही. बर्फाच्या लाद्या, पाट्या डोक्यावर घेऊन धावणाऱ्या बायका, एका बाजूला कोळंबी सोलत बसलेल्या बायकांची रांग. जमीन एवढी ओली की टायर घसरतो. मी मोबाइल काढून उभा होतो, तर एक मावशी म्हणाल्या, "फोटो काय काढतोस रे सारखा, म्हावरा घे की!" मी म्हटलं, मावशी मला घरी करता येत नाही. "मग बायको आण," म्हणाल्या, आणि आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. बाजूला हो, रस्ता अडवू नको, हे त्यानंतर. बरोबरच होतं. तिथे मी पाहुणा नव्हतो, कामाच्या मधे आलेला माणूस होतो. शेवटी अर्धा किलो बोंबील घेतले, हॅंडलला लटकवून निघालो. ते कसे केले त्याबद्दल न बोललेलं बरं.

तिथून उत्तरेला चला. बॅलार्ड इस्टेट, मग पी. डिमेलो रोड. आता इथे लक्ष द्या. हा रस्ता मुंबईच्या पूर्व किनाऱ्याला धरून जातो. समुद्र तुमच्या उजव्या हाताला आहे, आणि भाऊच्या धक्क्याकडे वळेपर्यंत, आणि तिथून पुढे परत शिवडीपर्यंत, तो तुम्हाला दिसत नाही. भिंत दिसते. कंटेनरचे ट्रक दिसतात, डोक्यावर ईस्टर्न फ्रीवे दिसतो. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतचा हा सगळा किनारा पोर्ट ट्रस्टच्या, म्हणजे आताच्या पोर्ट ऑथॉरिटीच्या ताब्यात, साधारण १,८०० एकर जमीन. पोर्ट ट्रस्ट १८७३ सालचा. गोदी चालत होती तोपर्यंत भिंतीला अर्थ होता. आता मालाची मोठी वाहतूक केव्हाच पलीकडे न्हावा-शेवाला गेली. २०१४ मध्ये राणी जाधव समितीने ही जमीन शहरासाठी खुली कशी करता येईल यावर अहवाल दिला. तुकड्या-तुकड्याने काही कामं झाली. भिंत मात्र बहुतेक ठिकाणी होती तिथेच आहे. मी म्हणतो ते परमिशन डिनाइड, ते हे.

भाऊचा धक्का हे मधलं भोक. लक्ष्मण हरी अजिंक्य उर्फ भाऊ यांनी बांधलेला, म्हणून भाऊचा धक्का. इथून रेवस, मोऱ्याच्या लाँचेस सुटतात, २०२० पासून मांडव्याची रो-रो. सायकल बाजूला लावून चहा प्यायचा आणि उतरणारी माणसं बघायची. कोणी कोंबड्या घेऊन येतं, कोणी लग्नाला निघालेलं असतं. मांडव्याला बंगला असणारे आणि उरणला घर असणारे एका धक्क्यावर आजूबाजूला उभे असतात, हे मुंबईत आणखी फार ठिकाणी बघायला मिळत नाही.

मग डॉकयार्ड रोड स्टेशनजवळचा भंडारवाडा डोंगर. चढ असा की सायकल ढकलतच न्यावी लागते. वर पाण्याच्या टाकीवर बाग आहे, जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. हे काका बॅप्टिस्टा, टिळकांचे सहकारी, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर, आणि जन्म खालच्या माथारपाखाडीतला. बागेतून अखेर समुद्र दिसतो. माझगाव डॉकच्या क्रेन, उभी जहाजं, लांबवर एलिफंटाचा ठिपका. गंमत म्हणजे बागेत येणारे सगळे आसपासच्या चाळींतले आजोबा-आजी असतात, सकाळी चालायला आलेले. त्यांना विचारा ही जागा लपलेली आहे का म्हणून. एका आजोबांना मी असंच काहीतरी विचारलं, तर म्हणाले, "लपेल कशी? डोंगर आहे तो."

पुढे रे रोड, दारूखाना. जुन्या बोटी फोडतात तो भाग, लोखंडाचा खच आणि हवेत गॅस कटरचा वास. बंदरांची नावंच वाचत जायची, लाकडी बंदर, कौला बंदर, कोळसा बंदर. एक 'हे बंदर'. मी पहिल्यांदा पाटी वाचून थांबलो, हे बंदर म्हणजे हे कुठलं? मग ट्यूब पेटली, इंग्रजीतलं हे, म्हणजे गवत! गवताचं बंदर. शिवडीला पोचलात की किल्ला, १६८० च्या सुमाराचा, आणि खाली चिखलात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत फ्लेमिंगो. आणि फ्लेमिंगोंच्या डोक्यावरून निघतो तो अटल सेतू.

इथे माझ्या डोक्यात तिडीक गेली. जानेवारी २०२४ मध्ये उघडलेला हा पूल, २१.८ किलोमीटर, त्यातला सोळा किलोमीटरच्या वर समुद्रावर. समोर दिसणारा किनारा मला त्या पुलाने सायकलवर गाठता येत नाही. सायकलला बंदी, मोटरसायकललाही बंदी. बरं, एकच पूल असता तर समजू शकलो असतो. २००९ चा सी-लिंक घ्या, ५.६ किलोमीटर, आठ लेन, सायकल चालत नाही. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने उघडलेला कोस्टल रोड घ्या, साडेदहा किलोमीटर, सुमारे १४,००० कोटी, त्याच्या मुख्य रस्त्यावर सायकल नाही, स्कूटर नाही, रिक्षा नाही. त्याच्या कडेने विहारपथ केलाय, ऑगस्ट २०२५ मध्ये बराचसा उघडला, ते चांगलंच झालं, मी तिथे फिरायला जातो. पण तो फिरायला आहे. जायला नाही. या शहराने पंधरा-सोळा वर्षांत समुद्रावर तीन मोठे रस्ते बांधले आणि तिन्हींवर ज्याच्याकडे चारचाकी नाही त्याला यायला बंदी. सार्वजनिक पैशातून! आणि आपण याद्या करतोय, लपलेली ठिकाणं!

आता उत्तरं मला पाठ आहेत, कारण ऑफिसात हा वाद पाच-सहा वेळा झालाय. "अरे पण ताशी ऐंशीच्या गाड्या, वारा केवढा असतो, उडून जाशील." ठीक. मग एक प्रश्न. आमच्या कंपनीतून ऑनसाइट कॅलिफोर्नियाला जाऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. डोक्यावर हेल्मेट, खाली भाड्याची सायकल, मागे लालभडक गोल्डन गेट ब्रिज. फिशरमन्स वार्फला सायकल भाड्याने घ्यायची, पूल ओलांडून सॉसलिटोला उतरायचं, दमलं की सायकलसकट फेरीत बसून परत. पूल १९३७ चा. वारा तिथेही सुटतो, धुकं तर इतकं की समोरचं दिसत नाही. गाड्याही धावतात. फरक एवढाच की कडेला कठडा घालून चालणाऱ्यांना आणि सायकलींना वेगळी वाट आहे. मी कोणीही ताशी ऐंशीच्या गाड्यांच्या मधे सायकल घाला म्हणत नाहीये. बंदी ज्या रस्त्यावर आहे तिथे ती सुरक्षेसाठी बरोबरच आहे. माझं म्हणणं, आठ लेन आखताना नववी दोन मीटरची का नाही आखली? तीच माणसं, जी तिथे फोटो काढतात, इथे आल्यावर म्हणतात की पुलावर सायकल हा मूर्खपणा आहे. तिथे अनुभव, इथे मूर्खपणा. वा!

"इथे ऊन आहे, पाऊस आहे." आहे ना. पाववाल्याला पण आहे.

"इथे कोण चालवणार?" हा प्रश्न जरा ऐकण्यासारखा आहे. कारण मुंबई-पुण्यात सायकलच्या नावाने जे झालं त्याचा अनुभव वाईटच आहे. पुण्यात २०१७-१८ मध्ये ॲपवाल्या भाड्याच्या सायकली रस्तोरस्ती आल्या, दोन-तीन वर्षांत नाहीशा झाल्या. पवई तलावाच्या काठाने सायकल ट्रॅक करायला घेतला, तर तो तलावातच भराव टाकून! मे २०२२ मध्ये हायकोर्टाने तो बेकायदेशीर ठरवला आणि काढायला लावला. मी सायकलवाला असूनही म्हणतो, बरं झालं. सायकलच्या नावाने तळं बुजवायचं आणि समुद्रावरच्या पुलावर मात्र सायकल नको, ही कसली अक्कल? बार्सिलोना बघा. तेही समुद्राकाठचं शहर. २००७ मध्ये त्यांनी बिसिंग नावाची सार्वजनिक सायकल सुरू केली, आणि ती पर्यटकांना मिळतच नाही. फक्त तिथे राहणाऱ्यांसाठी. पर्यटकांनी खुशाल दुकानातून भाड्याने घ्यावी. म्हणजे त्यांच्या लेखी सायकल ही आधी कामाला जायची वस्तू आहे. आपल्याकडे ती आधी रविवारची गंमत ठरवली जाते, मग गंमत ठेवायला कोपरा शोधला जातो, तो तलावात सापडतो.

पुढच्या रविवारी मी तीच किंचाळणारी सायकल घेऊन पश्चिमेकडून गेलो. मरीन ड्राइव्ह, हाजी अली, वरळी सी फेस, आणि टोकाला वरळी कोळीवाडा. गल्ल्या इतक्या अरुंद की उतरूनच चालावं लागतं. शेवटी किल्ला, १६७५ च्या आसपासचा, आत देऊळ आणि पोरांची व्यायामशाळा. तटावर उभं राहिलात की सी-लिंक समोर. याद्यांमध्ये हा 'बेस्ट सी-लिंक व्ह्यू' असतो. माझ्याही होता.

पण कोळीवाड्यातल्या माणसाला तिथून काय दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. जाळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांशी बोलत बसलो. त्यांनी क्लीव्हलँड बंदराकडे बोट दाखवलं. त्यांच्या बोटी तिथून बाहेर पडतात. कोस्टल रोड सी-लिंकला जोडताना त्या वाटेवर खांब येणार होते, दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर. भरती, वारा, लाटा धरल्या तर दोन बोटी समोरासमोर आल्या की आपटणारच. कोळ्यांनी २०० मीटर मागितले, काम अडवलं, महिनोन्महिने भांडले. २०२२ च्या अखेरीस १२० मीटर मान्य झाले. काका म्हणाले, "आमी भांडलो म्हणून तेवढे तरी. तुमी काय मागितलं?"

तुम्ही म्हणजे आपण. शहरातली शिकलेली माणसं. गाडी असलेली, निदान ॲपवर गाडी बोलावता येणारी. मी सायकलच्या सीटवर हात ठेवून नुसता उभा होतो. खरंच, काय मागितलं? सी-लिंक झाला तेव्हा मी शाळेत होतो, सोडा. पण अटल सेतूच्या वेळी मी मुंबईत नोकरी करत होतो. मी काय केलं, तर उद्घाटनानंतर मित्राच्या गाडीतून जाऊन व्हिडिओ काढला.

आता परत तीच वेळ आहे. वर्सोवा-बांद्रा सी-लिंकचं काम चालू आहे. कोस्टल रोड वर्सोव्यापासून पुढे उत्तरेला न्यायचाय. वर्सोवा-मढ पूल बांधायचं महापालिकेने ठरवलंय. आपल्यातले निम्मे लोक अंधेरी-मालाडला राहतात. पूल बांधून झाल्यावर दोन मीटर मागता येत नाहीत, आपण तर हे चांगलंच जाणतो. रिलीजनंतर बदल मागणाऱ्या क्लायंटला आपण काय म्हणतो ते आठवा. सूचना-हरकती मागवतात तेव्हा एक पानाचा अर्ज करायला अर्धा तास लागतो, यादी करायला मला तीन संध्याकाळी लागल्या होत्या.

मागच्या शनिवारी मी अंधेरीतून एक सायकल भाड्याने घेतली आणि वर्सोव्याच्या जेट्टीवर गेलो. इथून मढला फेरी जाते. खाडी एवढीशी, पाच-सात मिनिटांत पलीकडे. रस्त्याने जायचं तर मालाडवरून मोठा वळसा. बोटीत माझ्या आधी दोन स्कूटर चढल्या, मग मासे विकायला निघालेल्या चार बायका आपल्या पाट्यांसकट, एक शाळेच्या गणवेशातला मुलगा स्वतःची सायकल घेऊन, मग मी. कोणी विचारलं नाही की सायकल घेऊन कुठे निघालास. तिकीटवाल्याने फक्त माझ्याकडे, मग सायकलकडे बघितलं आणि म्हणाला, "सायकल का अलग लगेगा."

दिले.